पहिल्या केसआधी तीन सुया

पावसाळा लागला की ठाण्यात आणि नवी मुंबईत प्राण्यांच्या रेस्क्यूसाठी नवी मुलं यायला लागतात. कॉलेजं उघडलेली असतात, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) फॉर्म भरून झालेले असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत केसेसही वाढतात: किडे पडलेल्या जखमा, गाडीखाली आलेले पाय, गटाराच्या कडेला भिजलेली मांजरीची पिल्लं. हातमोजे घेतलेले असतात, पिशवीत बिस्किटांचे पुडे असतात. रेबीजची आगाऊ लस मात्र घेतलेली नसते. वरिष्ठांपैकीही फार कमी जण विचारतात. म्हणून बाकी सगळ्याच्या आधी हे.

या कामात हात घालायच्या आधी प्री-एक्स्पोजर, म्हणजे चाव्याच्या आधीच घ्यायच्या, लशीचे तीन डोस पूर्ण करा: पहिला ज्या दिवशी घ्याल तो शून्य दिवस, दुसरा सातव्या दिवशी, तिसरा एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. लस दंडावर देतात. पोटात चौदा इंजेक्शनं ही आजोबांच्या काळची गोष्ट झाली, ती भीती घरच्यांच्या मनातून काढून टाका. या तीन डोसांमुळे पुढे कधी चावा बसला तर फक्त दोन डोस लागतात, त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, आणि इम्युनोग्लोब्युलिनची (जखमेत टोचायच्या तयार प्रतिपिंडांची) गरज पडत नाही. पण ते दोन लागतातच. ‘माझी लस झाली आहे’ म्हणून चावा सोडून देणं चालत नाही. तिन्ही डोस पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ महिनाभर, फोन घ्या, कॅरियर (प्राणी न्यायची पेटी) धुवा, नोंदवही सांभाळा, जखमी जनावर दवाखान्यात नेताना रिक्षावाल्याला पत्ता सांगा. हेही काम आहे आणि याला माणसं कायम कमी पडतात.

आता तो सापळा, ज्यात चांगली, हुशार मुलं अडकतात. फोन येतो: ‘कुत्र्याच्या घशात हाड अडकलंय.’ जाऊन बघावं तर खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी समोर ठेवलं तरी गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय. भुंकत नाही, अंगावर येत नाही, उलट केविलवाणा दिसतो. जमलेली सगळी माणसं हाडच म्हणत असतात. व्हॉलंटियर गुडघ्यावर बसतो, एका हाताने जबडा वर धरतो, दुसऱ्या हाताची दोन बोटं घशात घालतो. हाड सापडत नाही. चावा नाही, रक्त नाही, काही झालंच नाही असं वाटतं. पण अंगठ्याच्या नखाशेजारी काल दाताने सोललेली कातडी असते, आणि लाळ तिथे लागलेली असते.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे लाल डोळ्यांचा, सुसाट धावत सुटलेला, हे चित्र अर्धंच आहे. रेबीजचा दुसरा प्रकार मुका असतो. त्यात आधी जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात. हाड खरंच अडकलेला कुत्रा बहुधा पंजाने तोंड ओरबाडतो, डोकं झटकतो, बेचैन असतो पण भानावर असतो. मुक्या रेबीजमधला कुत्रा मंद असतो, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो, मागचे पाय लटपटतात, ओळखीच्या माणसाकडेही शून्य नजरेने बघतो. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारातही झटके येतात, लाळ गळते, आणि तो आजार माणसाला होत नाही. पण रस्त्यावर उभं राहून तुम्हाला यातला फरक ठरवायचा नाही. अनुभवी डॉक्टरही नुसतं बघून खात्री देत नाहीत. जबडा लोंबतोय आणि लाळ गळतेय एवढं दिसलं की हात मागे, माणसं मागे, लहान मुलं घरात, आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला फोन. नोंदीत ‘रेबीजचा संशय’ हेच शब्द लिहा, ‘घशात हाड’ लिहू नका, कारण पुढचा माणूस तुमची नोंद वाचून हात घालतो.

गाई-बैलांचंही असंच. गाय लाळ गाळतेय, चारा घेत नाही, की प्लास्टिक खाल्लं असेल म्हणून तोंडात हात घालतात. घालू नका.

चावा, ओरखडा, लाळ यांच्या डॉक्टर तीन श्रेणी करतात. जखमेवर किंवा सोललेल्या कातडीवर लाळ लागणं हे तिसऱ्या श्रेणीत धरतात, रक्ताळलेल्या चाव्याइतकंच गंभीर. डोळ्यात किंवा तोंडात उडालेली लाळही तिथेच. रक्त न आलेला ओरखडा दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे धुणं आणि लस दोन्ही. रक्त आलं की तिसरी: धुणं, लस आणि, आगाऊ लस झालेली नसेल तर, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. धड कातडीवर नुसतं चाटलं तर काही लागत नाही, उगाच घाबरू नका.

धुणं म्हणजे वाहत्या पाण्याखाली, साबणाने, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो. इतकं साधं आणि इतकं महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक जण दीड मिनिटात हात झटकून पुढच्या केसला निघतात. रस्त्यात नळ नसतो हे खरं. पेट्रोल पंप, चहाची टपरी, सोसायटीच्या वॉचमनचा नळ, कुठेही मागा. पिशवीत साबणाची वडी हवी. सॅनिटायझर म्हणजे धुणं नव्हे. नंतर पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, तिखट काही नको, आणि टाके शक्यतो घालू देऊ नका.

विषाणू रक्तातून पसरत नाही, नसांमधून मेंदूकडे सरकतो. बोटांमध्ये आणि चेहऱ्यावर नसा दाट असतात, म्हणून तिथला लहान ओरखडाही मोठा धरायचा. लशीने अंगात संरक्षण तयार व्हायला साधारण आठवडा-दोन आठवडे जातात. मधल्या दिवसांत जखमेतला विषाणू रोखायला इम्युनोग्लोब्युलिन लागतं. ते पहिल्या डोससोबतच घ्यावं, आणि पहिल्या डोसपासून सात दिवस उलटल्यावर देत नाहीत. वाशीचं महापालिका रुग्णालय, नेरूळचं मीनाताई ठाकरे, ऐरोलीचं राजमाता जिजाऊ, ठाण्याकडे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. इम्युनोग्लोब्युलिन शिल्लक आहे का हे निघण्याआधी फोनवर विचारा, म्हणजे रात्री दोन-दोन ठिकाणी फिरावं लागत नाही. आगाऊ लस नसेल तर दंडात पूर्ण डोस 0, 3, 7, 14 आणि 28 या दिवशी, कातडीत देत असतील तर 0, 3, 7 आणि 28. कुत्र्यावर किंवा मांजरीवर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण त्यासाठी लस थांबवायची नाही. पिल्लू दोन महिन्यांचं आहे, म्हणून त्याला रेबीज नसणार, हेही खोटं आहे.

हे सगळं माहीत असूनही मुलं ओरखडा लपवतात. घरी कळलं तर काम बंद होईल, एवढंच कारण. फुल बाह्यांचा शर्ट घालून जेवायला बसतात. कृपा करून असं करू नका. एकदा लक्षणं सुरू झाली की रेबीजमधून माणूस जवळपास वाचत नाही. त्याच्या आधीचा प्रत्येक दिवस मात्र तुमच्या हातात असतो. घरी सरळ सांगा: ‘आई, कुत्र्याचं नख लागलंय, साबणाने धुतलंय, कळव्याला जातोय, पुढचा डोस रविवारी.’ तारखांसकट सांगितलं की आई-वडील ऐकतात. तीन सुया आधी घेतलेल्या असतील तर हे वाक्य उच्चारणंही सोपं जातं.

यावरून एक मत. हातमोजे न घालता कुत्र्यावर झडप घालणारा दादा, ‘मला दहा वेळा चावलंय, काही झालं नाही’ म्हणणारा, कितीही प्रेमळ असला तरी त्याच्याकडून शिकू नका. जी ताई तुम्हाला आधी लशीचं कार्ड मागते आणि मग टॉवेल कसा टाकायचा दाखवते, तिच्यामागे जा. व्हिडिओ बघून पकडणं शिकता येत नाही. जनावराचा कान मागे कधी गेला, हे शेजारी उभं राहूनच कळतं.

किडे पडलेली जखम ही पावसाळ्यातली रोजची केस. माशीच्या अंड्यांतून एका दिवसात किडे निघतात, म्हणून काल नखाएवढी असलेली जखम आज कानामागे खोल गेलेली असते. कुत्रा वेदनेत असतो तेव्हा ओळखीचाही चावतो. एक मीटर गॉजची पट्टी जबड्याभोवती बांधून मुसकं करा, पण उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नका. केस कापा, चिमट्याने किडे काढा, सलाईनने धुवा, डॉक्टरांनी सांगितलेला स्प्रे मारा. फिनेल, पेट्रोल, रॉकेल अजिबात नाही; कातडी भाजते, आणि मांजरीला तर फिनेल विष आहे. दुसऱ्या दिवशी परत जायलाच हवं, कारण खोलवरचे किडे पहिल्या दिवशी दिसत नाहीत. परत जाणं जमणार नसेल तर ती केस सुरू करू नका, ज्याला जमेल त्याला द्या.

मांजरीचं पिल्लू थंड लागलं तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाचं पोट चालत नाही, पाजलेलं तसंच पडून राहतं किंवा फुफ्फुसात जातं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि अंग गरम होईपर्यंत धीर धरा. गाईच्या दुधाने जुलाब होतात, पिल्लांसाठीची पावडर मिळते ती आणा. पाजताना पालथंच धरा, माणसाच्या बाळासारखं उताणं नको. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही नाही. मांजरीला ती थोडीशीही जीवघेणी ठरते.

पार्व्हो (कुत्र्याच्या पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा संसर्गजन्य आजार) झालेल्या पिल्लाला हात लावून दुसऱ्या पिल्लांकडे जाऊ नका. तो विषाणू बुटांवर, कॅरियरवर महिनोन् महिने टिकतो. साध्या साबणाने जात नाही, एका भागाला तीस भाग पाणी घालून ब्लीच वापरा आणि दहा मिनिटं राहू द्या.

पक्ष्यांचं वेगळं. संक्रांतीच्या आसपास पतंगाच्या मांज्यात अडकलेली घार सापडली तर धागा ओढू नका, जखमेच्या दोन्ही बाजूंनी कापा, पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका. येऊरच्या जंगलातलं कुठलंही रानटी जनावर, साप, खाडीतला फ्लेमिंगो: वन विभागाचा 1926 हा नंबर. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली घरी ठेवणं गुन्हा आहे, पोपट धरून. आणि जमिनीवर उड्या मारणारं, पंख फुटलेलं कावळ्याचं पिल्लू बहुतेकदा हरवलेलं नसतं. आई वरच्या फांदीवर असते. लांब उभं राहून बघा.

पैसे स्वतःच्या यूपीआयवर गोळा करू नका. दवाखान्याच्या नावाने बिल, आणि देणाऱ्याला तिथेच भरायला सांगा. एनएसएसचे वर्षाला 120 तास आधी कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोलून, संस्थेच्या सहीसह नोंदवा, नंतर धावपळ होते. पशुवैद्य व्हायचं असेल तर प्रवेश नीटच्या गुणांवर मिळतो, रेस्क्यूच्या प्रमाणपत्रावर नाही. बारावीच्या वर्षी आठवड्याला एक सकाळ पुरे. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात गेलात तर डॉक्टर जखम कशी बघतात, कुठे दाबून बघतात, ते नीट न्याहाळा. त्या एका सकाळीत खूप शिकायला मिळतं.

सोसायटीतल्या वादात कायद्याचा कागद घेऊन तावातावाने जाऊ नका. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खाऊ घालण्याची जागा ठरवायची असते, मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि गेटपासून लांब. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 ला रस्त्यात कुठेही खाऊ घालण्यावर बंदी घालून प्रभागनिहाय जागा करायला सांगितलं, म्हणून सेक्रेटरींकडे जाताना जागेचा प्रस्ताव हातात असू द्या. ‘भाताची परात अर्ध्या तासात उचलेन’ हे म्हणा आणि खरंच उचला.

नसबंदीसाठी कुत्रा नेताना पकडल्याची जागा सेक्टर नंबरपुरती लिहू नका. ‘सेक्टर 15, दूध केंद्रासमोरचा बदाम’ असं लिहा, आणि बाजूला फोटो. आठवड्याने कानाला खाच पडलेला तो कुत्रा गाडीतून उतरतो तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे सोडला तरी तिथली टोळी त्याला फाडते. बदामाखाली सोडला की तो आधी बुंधा हुंगतो, मग ओट्यावर चढून झोपतो.