मन खचते तेव्हा विश्वासी माणसाने काय करावे

ठाण्यातील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना संपल्यावर चहा घेताना ‘कसे आहात?’ या प्रश्नाला ‘प्रभूच्या कृपेने छान’ हे उत्तर ठरलेले असते. ते खोटेच असते असे नाही. परंतु ज्याला तीन आठवडे धड झोप लागलेली नाही तोही तेच म्हणतो, आणि खरे सांगितले तर ‘विश्वास कमी पडतो’ असे ऐकावे लागेल या धास्तीने गुपचूप घरी जातो. म्हणून पहिली सूचना अशी की, निदान देवासमोर तरी हे ठरलेले उत्तर देऊ नये.

त्यासाठी बायबलच्या स्तोत्रसंहितेतील स्तोत्र १३ हाताशी घ्यावे. ते अवघ्या सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत तक्रार आहे, आणि मूळ हिब्रूत तिथे ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोन वचनांत मागणी आहे आणि शेवटच्या दोन वचनांत भरवसा. रात्री जेवणे आटोपली की एक साधी वही घेऊन याच क्रमाने तीन भाग लिहावेत. तक्रार मोघम लिहू नये. ‘मन अस्वस्थ आहे’ असे लिहिल्याने काहीच हलत नाही. ‘घराचा हप्ता पाच तारखेला आहे, पगार रखडला आहे आणि हे मी घरी सांगितलेले नाही’ असे लिहिले की, नेमके काय बोचते आहे ते निदान स्वतःला तरी दिसते. मागणी एकच आणि तीही उद्यापुरती असावी, कारण ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. भरवशाचा भाग लिहवत नसेल तर तेवढी जागा कोरी सोडावी. ओढूनताणून लिहिलेली स्तुती दुसऱ्या दिवशी वाचताना आपल्यालाच परकी वाटते. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

दिवसा वही उघडता येत नाही. सकाळच्या गर्दीत ठाणे-वाशी लोकलमध्ये उभे राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ झाले. अशा वेळी स्तोत्र ४२ मधील ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ एवढी एकच ओळ मनात घोळवावी आणि प्रत्येक वेळी श्वास घेण्यास लागतो त्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावा. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात व धडधड कमी होते.

शरीराकडे दुर्लक्ष करून केलेल्या प्रार्थनेबद्दल मात्र मला शंका वाटते. बायबलमधील ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खाऊ घालतो. देवाची मंद वाणी ऐकू येते ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. तेव्हा आधीच भूक मेली असेल, झोप उडाली असेल, तर उपास व रात्रभराची प्रार्थना काही काळ बाजूला ठेवावी, वेळेवर जेवावे आणि संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारावी.

मन मोकळे करण्यासाठी एकच माणूस निवडावा: पाळक, फादर किंवा मंडळीतील वडीलधारी व्यक्ती. जो माणूस इतरांच्या अडचणी ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून आपल्यापुढे मांडत असतो, तो आपलीही अडचण तशीच मांडेल, हे आधीच ओळखावे.

उदासी किंवा धास्ती बहुतेक दिवस, दिवसभर राहून दोन आठवडे उलटले, कामात लक्ष लागेनासे झाले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. ‘ठाण्याला भरती करा’ ही थट्टा आपण ठाणेकरांनी लहानपणापासून ऐकली आहे, आणि १९०१ साली स्थापन झालेल्या येथील मनोरुग्णालयाच्या नावाने कित्येकांची पावले अजूनही अडखळतात. पण उपचारासाठी बहुतेकांना भरती व्हावेच लागत नाही. येशूची सुवार्ता लिहिणाऱ्या लूकला प्रेषित पौलाने ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे, हे घरातील हट्टी माणसाला सांगून पाहावे. सुरू झालेली गोळी एखाद्या प्रार्थना सभेनंतर बरे वाटले म्हणून परस्पर बंद करू नये. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये: त्याच क्षणी घरच्यांना जवळ बोलवावे, रुग्णालय गाठावे किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते.

मंडळीतील एखादा चेहरा तीन-चार रविवार दिसला नाही, तर इतरांनी डबा घेऊन जावे आणि वचन सांगण्याची घाई करू नये. बायबलमधील दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते. त्यांचे चुकले ते पुढे बोलू लागल्यावर. डबा तिथेच ठेवून यावा, म्हणजे तो परत आणण्याच्या निमित्ताने पुढच्या आठवड्यात पुन्हा जाता येते.