गावातल्या माणसाची बिडी फोनवरून सोडवताना

बिडी सोडण्यासाठी समुपदेशकाला भेटायचे म्हटले, तर खेड्यातल्या माणसाला बहुधा जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्र गाठावे लागते. त्यात दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते आणि आजार दिसत नसताना डॉक्टरकडे कशाला जायचे, हा प्रश्न उरतोच. फोनवरचे समुपदेशन ही अडचण बऱ्याच अंशी दूर करते. मात्र नुसता क्रमांक हातात देऊन काम होत नाही. घरातल्या किंवा गावातल्या कुणीतरी, मग तो मुलगा असो, सून असो वा आशा ताई, त्या माणसाच्या आणि फोनच्या मध्ये उभे राहावे लागते.

केंद्र सरकारची राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडण्यासाठी फोनवरून समुपदेशन देणारी सेवा, २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली आणि पुढे मुंबईचे टाटा मेमोरियलही तिला जोडले गेले. तिचा १८००-११२-३५६ हा क्रमांक निःशुल्क असून तंबाखूच्या वेष्टनांवरही छापला जातो. सेवा सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत चालते आणि सोमवारी बंद असते. मराठीतून बोलायचे असल्यास तसे सुरुवातीलाच सांगावे.

फोन लावण्याआधी दोन-तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात: दिवसाला किती बिड्या लागतात, उठल्यापासून पहिली बिडी किती मिनिटांत पेटते, पूर्वी कधी सोडली होती का आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. पहिल्या बिडीची वेळ विशेष महत्त्वाची असते. डोळे उघडल्यावर पाच मिनिटांत हात काडेपेटीकडे जात असेल, तर शरीराला निकोटिनची सवय खोलवर लागली आहे असे समजावे. तंबाखू-चुना किंवा खर्राही चालू असेल तर तो लपवू नये. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. बिडी सुटली आणि तिच्या जागी चुन्याची डबी आली, असे आपल्याकडे सहज घडू शकते, आणि त्याला तंबाखू सुटली असे म्हणता येत नाही.

पहिला फोन त्या माणसाने स्वतःच करावा. आपण क्रमांक लावून द्यावा, पण पलीकडून प्रश्न आला की उत्तर त्यालाच देऊ द्यावे आणि शक्य तर बाजूला व्हावे. सुनेसमोर किंवा पारावरच्या चार लोकांत कुणी दिवसाचा खरा आकडा सांगत नाही. ज्या वयाच्या माणसाला घरात कुणी प्रश्न विचारत नाही, त्याला परका आवाज आदराने ऐकून घेतो तेव्हा तो मोकळा होतो, हे मला या सेवेचे मोठे बळ वाटते. बोलणे संपेपर्यंत बिडी बंद करण्याची तारीख ठरलेली असावी. ती येत्या आठवडाभरातली असावी, पण घरातले लग्न किंवा गावची जत्रा त्या दिवसांत येणार नाही एवढे पाहावे.

खरे काम नंतरच्या फोनांत असते. समुपदेशकाने स्वतःहून पुन्हा पुन्हा फोन केल्यास सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढते, हे अभ्यासांतून दिसले आहे. आणि नेमके हेच फोन खेड्यात चुकतात. फोन मुलाच्या खिशात तालुक्याला गेलेला असतो, मळ्यात रेंज नसते किंवा अनोळखी क्रमांक फसवणुकीचा समजून कापला जातो. त्यामुळे ज्या क्रमांकावर माणूस खात्रीने सापडेल तोच द्यावा, सोयीची वेळ आधीच सांगावी आणि फोन आला नाही तर वाट न पाहता आपणच पुन्हा लावावा.

पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी घोट-घोट प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, जागा सोडून उठावे. 'बिडीशिवाय पोट साफ होत नाही' ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे बिडी सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकते. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, भाकरीबरोबर भरपूर पालेभाजी आणि ठरावीक वेळी शौचास बसणे यांनी घडी हळूहळू बसते. हे समुपदेशकालाही सांगावे, कारण याच एका कारणासाठी अनेकांची सकाळची बिडी परत सुरू होते.

तलफ आवरण्यासाठी २ मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते. ते पानासारखे चघळत राहायचे नसते. थोडे चावून चव तिखट लागली की गालात धरायचे, चव गेली की पुन्हा चावायचे, आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नाही. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर बिडी सोडल्यावर त्याचे रक्तातील प्रमाण वाढू शकते, म्हणून मात्रा तपासून घ्यावी.

एखादी बिडी ओढली गेली तर त्याच दिवशी फोन करून ती कुठे, कुणाबरोबर ओढली हे सांगावे, म्हणजे पुढच्या वेळेची तयारी करता येते. मात्र दोन आठवड्यांहून अधिक खोकला, थुंकीतून रक्त, तोंडातला बरा न होणारा व्रण किंवा छातीत दुखणे ही लक्षणे असतील, तर फोनवर विसंबून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे; छातीत अचानक जोराचे दुखू लागल्यास १०८ ला फोन करावा.