दुकानाचे खाते न उघडता ऑनलाइन पैसे सुरक्षितपणे कसे भरावेत

ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर तासगावजवळ द्राक्षबाग करणाऱ्या माझ्या मेव्हण्यांना छाटणीच्या दोन कात्र्या हव्या होत्या. हव्या त्या कंपनीची कात्री सांगलीच्या बाजारात मिळेना, म्हणून एका लहान संकेतस्थळावरून मागवायचे ठरले. वर्षातून एकदा होणाऱ्या खरेदीसाठी तिथे खाते उघडावे, आणखी एक पासवर्ड लक्षात ठेवावा आणि पुढे सवलतींचे संदेश झेलत बसावे, हे त्यांना पटेना, आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. मात्र खाते नसले की झाल्या व्यवहाराची नोंद जपण्याचे काम गिऱ्हाइकावर येते, ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी.

सर्वप्रथम दुकान तपासावे. ग्राहक संरक्षण कायद्याखालील २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्काचे तपशील आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती संकेतस्थळावर देणे अपेक्षित आहे. हे सगळे पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत असते, पण ते वाचावे. जीएसटी क्रमांक दिलेला असल्यास तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीचा असल्यास २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की नोंदणीकृत नाव दिसते. पत्त्याच्या पट्टीतील कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नये, कारण ते केवळ तुमच्या आणि संकेतस्थळाच्या मधला संवाद सांकेतिक, म्हणजे तिसऱ्याला वाचता न येणारा, असल्याचे सांगते. समोरचा दुकानदार प्रामाणिक आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

वस्तू कार्टमध्ये टाकून पुढे गेल्यावर लॉगिनची मोठी चौकट येते आणि तिच्याखाली लहान अक्षरांत ‘गेस्ट चेकआउट’ किंवा ‘कंटिन्यू अॅज गेस्ट’ असा पर्याय असतो. तो निवडावा. काही मोठ्या संकेतस्थळांवर हा पर्याय नसतो; तिथे खाते उघडायचे की दुसरे दुकान शोधायचे, एवढेच ठरवावे लागते. पुढील अर्जात नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल आणि ईमेल एवढी माहिती पुरते. कात्री विकणाऱ्याला जन्मतारीख आणि आधार क्रमांक कशाला हवा? तसे विचारले गेल्यास तिथूनच परत फिरावे. ‘माझे खाते तयार करा’ किंवा ‘ऑफर पाठवा’ अशा चौकटीत आधीच खूण केलेली असल्यास ती काढावी. खरेदीसाठीची ग्राहकाची संमती अशा आयत्या खुणेने घेऊ नये, असे वर सांगितलेल्या ई-कॉमर्स नियमांत म्हटले आहे.

पैसे भरताना माझी पसंती यूपीआयला आहे, कारण त्यात कार्डाचा क्रमांक दुकानापर्यंत पोहोचतच नाही. संगणकाच्या पडद्यावरील क्यूआर मोबाइलने स्कॅन करावा आणि पिन टाकण्याआधी अॅपमध्ये दिसणारे नाव व रक्कम सावकाश वाचावी. दुकानाचे नोंदणीकृत नाव संकेतस्थळावरील नावापेक्षा वेगळे असू शकते, परंतु एखाद्या भलत्याच व्यक्तीचे नाव दिसल्यास व्यवहार तिथेच सोडावा. कार्डाने भरायचे असल्यास ‘कार्ड जतन करा’ ही खूण करू नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानांना कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही. जतन केल्यास त्याजागी टोकन, म्हणजे क्रमांकाऐवजी वापरायचा सांकेतिक आकडा, ठेवले जाते. एकदाच्या खरेदीला त्या टोकनाचीही गरज नाही. ओटीपीच्या संदेशातील आकडा टाकण्याआधी त्याच संदेशात लिहिलेली रक्कम पाहावी. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार चालू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय असते. काम झाले की ते बंद करून ठेवावेत.

आता नोंदीविषयी. मेव्हण्यांनी घाईत मोबाइल क्रमांकातील एक आकडा चुकवला आणि ईमेलचा रकाना रिकामाच सोडला. पैसे गेले, पण ऑर्डरचा संदेश आलाच नाही. खाते असते तर लॉगिन करून ऑर्डर पाहता आली असती. इथे दुकानाला दाखवायला हातात काहीच नव्हते. शेवटी यूपीआय अॅपच्या इतिहासातील बारा अंकी यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र ओळख क्रमांक), तारीख आणि रक्कम कळवल्यावर दुकानाला ऑर्डर सापडली. म्हणून ‘ऑर्डर झाली’ हे पान येताच त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, ऑर्डर क्रमांक लिहून ठेवावा आणि वस्तू हातात येऊन परतीची मुदत संपेपर्यंत ते जपावे.

पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदली गेली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार यूपीआयने दुकानाला केलेल्या अशा अपयशी व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

खरा धोका या थांबण्याच्या काळातच असतो. अस्वस्थ झालेला माणूस गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो आणि भामट्याने पेरलेल्या क्रमांकावर फोन करतो. पलीकडचा गोड आवाज पैसे परत देण्यासाठी क्यूआर स्कॅन करायला, पिन टाकायला किंवा आपल्या मोबाइलचा पडदा त्याला दाखवणारे अॅप घ्यायला सांगतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. दुकानाचा क्रमांक त्याच्या संकेतस्थळावरून आणि बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागून किंवा ‘.bank.in’ने संपणाऱ्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा.

वस्तूबाबत दुकान दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच मात्र आधी बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. तुमची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले असतील, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर नुकसान येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक सांगते. ओटीपी स्वतःच दिला असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे असते. फोन ठेवण्याआधी तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा आणि तो ऑर्डर क्रमांकाशेजारीच लिहावा.