"शेतकरी आत्महत्या घटल्या" अशी बातमी आली की आधी हे बघा

दरवर्षी आकडे आले की सत्ताधारी म्हणतात घटल्या, विरोधक म्हणतात वाढल्या, चॅनलवाले दोघांना समोरासमोर बसवून मोकळे होतात आणि मूळ तक्ता कुणी उघडतच नाही. तो एनसीआरबीच्या, म्हणजे पोलिसांच्या नोंदींवरून देशभरातली गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची आकडेवारी काढणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, साइटवर फुकट मिळतो, अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा वार्षिक अहवाल म्हणून, त्यात शेतीचा भाग वेगळा असतो, तो डाउनलोड करा.

मग सगळ्यात आधी व्याख्या बघा, म्हणजे शेतकरी कुणाला धरलंय. २०१३ साली देशात शेतकऱ्यांच्या ११,७७२ आत्महत्या होत्या, २०१४ ला शेतकरी एकदम ५,६५० वर आले. निम्म्याहून कमी! पण त्याच वर्षी एनसीआरबीने शेतमजुरांचा रकाना वेगळा केला होता आणि त्यात ६,७१० होते, दोन्हींची बेरीज करा, १२,३६० होते. माणसं जवळपास तेवढीच, उलट थोडी जास्तच गेली हो, फक्त रकाना बदलला. कर्नाटकात तर २०१४ ला शेतकरी ३२१ आणि पुढच्या वर्षी १,१९७, आता एका वर्षात असं खरंच झालं की पोलीस स्टेशनात व्यवसाय लिहिताना काहीतरी बदललं, हा प्रश्न तिथेच पडायला हवा. म्हणून बेरीज केल्याशिवाय तुलना करूच नका, आणि विरोधक स्वतःच्या काळातले फक्त शेतकरी आणि समोरच्याच्या काळातली बेरीज लावतात का तेही तपासा, कारण ही खेळी दोन्हीकडून होते.

शून्य दिसलं तरी थांबा. २०२२ च्या अहवालात बंगाल आणि बिहारमध्ये शेतीतली एकही आत्महत्या नाही. एवढ्या मोठ्या राज्यांत एकही नाही? मला तरी पटत नाही.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात महसूल खात्याचा आकडा वेगळा असतो आणि बातमीत दोन्ही सर्रास मिसळतात. एनसीआरबीचा आकडा पोलिसांकडून येतो आणि पोलीस मृत्यू मोजतात, महसूल खातं मदतीचे अर्ज तपासतं. १ लाखाची मदत मिळायची तर नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा हे निकष, कर्जही बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं. म्हणजे गावातल्या बिनपरवाना सावकाराकडून घेतलं असेल तर कागदच नाही, ठोक्याने जमीन केली असेल तर सातबाऱ्यावर नाव नाही, बाई असेल तर बऱ्याचदा शेत नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर आणि तिची नोंद गृहिणी म्हणून. जिल्हा समिती असं प्रकरण 'अपात्र' ठरवते आणि मग नेतेमंडळी फक्त पात्र आकडा भाषणात वापरतात. अपात्र म्हणजे शेतकरी नव्हता असं नाही, एवढं एक वाक्य बातमीदारांनी लिहिलं तरी खूप होईल. मला याचा फार राग येतो, कारण त्या घरातल्या माणसाला मदतही नाही आणि मोजदादीत जागाही नाही.

वर्षही बघा. अहवाल उशिरा येतो, २०१६ चा २०१९ च्या नोव्हेंबरात आला, त्यामुळे आजच्या हेडलाइनमधला आकडा भलत्याच वर्षाचा, कधीकधी आधीच्या सरकारच्या काळातला असू शकतो.

आणि तुमच्या तालुक्याचं खरं चित्र हवं असेल तर कलेक्टर ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. फक्त संख्या मागू नका. एकूण किती प्रकरणं आली, किती पात्र, किती अपात्र, किती प्रलंबित आणि अपात्रचं प्रत्येकी कारण काय, हे वर्षवार मागा, नावं नकोत असं स्पष्ट लिहा.