मोफत ओपन ॲक्सेस जर्नलला शोधनिबंध पाठवताना या चुका टाळा

लेखकाकडून पैसे न घेणारं आणि वाचकालाही फुकट मिळणारं जर्नल म्हणजे 'डायमंड ओपन ॲक्सेस'. बडोद्यात राहून मोडी कागद, संस्थानी शिक्षण, कलाइतिहास अशा विषयांवर मराठीत लिहिणाऱ्या संशोधकासाठी अशी जर्नल्स फार मोलाची आहेत. मात्र नव्या जर्नलच्या पाठीशी जुनं नाव नसतं, त्यामुळे पारख लेखकालाच करावी लागते.

नंबर, फॅक्टर आणि यादी

आयएसएसएन नंबर म्हणजे दर्जाचा शिक्का, ही समजूत सोडा. तो आठ अंकी नंबर फक्त नियतकालिकाची ओळख पटवतो, मजकुराची तपासणी कोणी करत नाही. आयएसएसएन पोर्टलवर तो टाकून पाहा. तिथलं नाव जर्नलच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे नंबर वेगळे असतात, तेही बघा. जर्नलच्या पहिल्या अंकावर हा नंबर नसणं हा दोष नाही. दुसऱ्याचा नंबर वापरणं हा आहे.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, काढताना आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना चालू वर्षात मिळालेले संदर्भ मोजतात. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेलं जर्नल मुखपृष्ठावर ५.८ वगैरे आकडा मिरवत असेल तर तो खोटा आहे. तिथे पुढे काही तपासायची गरजच नाही.

'यूजीसी केअर लिस्टेड' (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीतलं) हे शब्दही आता जुने झाले. ती यादी बंद केल्याचं यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि जर्नल निवडण्यासाठी फक्त सुचवलेले निकष दिले. म्हणून निबंध पाठवण्याआधी आपल्या विभागाला लेखी विचारा की हे जर्नल बढतीसाठी किंवा पीएचडीसाठी धरणार का. छापून आल्यावर विचारलं तर हात चोळत बसावं लागतं. डीओएजे या ओपन ॲक्सेस जर्नलांच्या निर्देशिकेत नवं जर्नल नसेल तर बिचकू नका. तिथे अर्ज करायलाच वर्षाहून जास्त काळाचं प्रकाशन किंवा किमान १० ओपन ॲक्सेस लेख लागतात. पण जर्नल स्वतःच 'आम्ही तिथे आहोत' म्हणत असेल, तर शोधून खात्री करा.

'मोफत' म्हणजे नेमकं काय, तेही ईमेलवर विचारून घ्या: निबंध दाखल करणं, समीक्षण, मांडणी, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक), मागे घेणं, यांपैकी कशाचेही पैसे नाहीत ना? काही ठिकाणी स्वीकृतीपत्रानंतर 'मांडणी शुल्क' निघतं.

मराठी फाइलची खरी डोकेदुखी

सर्वांत जास्त निबंध अडतात ते फॉन्टपायी. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेली असतात भलतीच चिन्हं. सर्च इंजिनला तो वाचता येत नाही आणि इतर लेखनाशी साम्य तपासणारं सॉफ्टवेअरही त्यातून काही काढू शकत नाही. चाचणी सोपी आहे: पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची गिचमिड आली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत, नाही.

कन्व्हर्टरने बदल केला म्हणून काम संपत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये क्रम उलटा. कन्व्हर्टर चुकला की 'दिवाण'चं 'िदवाण' होतं आणि 'वर्ष'चं 'वषर्'. 'दऱ्या', 'कैऱ्या' यांतला अर्धा र तर हमखास बिघडतो. 'फाइंड अँड रिप्लेस' वापरा, पण 'रिप्लेस ऑल' नको. नाहीतर मोडीतून जसंच्या तसं घेतलेलं लेखन 'शुद्ध' होऊन बसेल आणि लिप्यंतराची किंमतच जाईल.

समीक्षणाआधी नाव फुटणं

समीक्षकाला लेखक कोण ते कळू नये म्हणून फाइल निनावी हवी, पण पहिल्या पानावरून नाव काढलं की ती निनावी झाली असं नाही. वर्डमध्ये 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' या क्रमाने जाऊन लेखकाची माहिती पुसा. ऋणनिर्देश वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि 'माझ्या आधीच्या निबंधात' हे शब्द बदला.

निबंध प्रबंधातून काढलेला असेल आणि प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) असेल, तर साम्य अहवालात मोठा आकडा येणारच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण संपादक आधी आकडाच बघतात. म्हणून 'हा निबंध माझ्या प्रबंधाच्या अमुक प्रकरणावर आधारित आहे' हे सोबतच्या पत्रात आधीच लिहा आणि तो स्रोत वगळून दुसरा अहवाल जोडा.

नाव, विद्यापीठ, फोटो

गुणपत्रिकेत आडनाव आधी येतं, एरवी नाव लिहिताना बहुधा शेवटी. फॉर्म भरताना वडिलांचं नाव आडनावाच्या चौकटीत गेलं की पुढे तोच लेखक दोन व्यक्ती म्हणून नोंदला जातो. रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि मोफत मिळणारा १६ अंकी ऑर्किड क्रमांक प्रत्येक निबंधावर द्या. शहराचं नाव 'वडोदरा' लिहा, पण तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं अधिकृत इंग्रजी नाव 'ऑफ बरोडा' असंच आहे. ते बदललं की नोंद विद्यापीठाच्या खात्यात जात नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'सीसी बाय' परवान्याखाली आलेला मजकूर श्रेय देऊन कोणीही वापरू शकतो, विकूही शकतो. दप्तरखान्याने किंवा संग्रहालयाने फक्त तुमच्या निबंधासाठी दिलेला फोटो या परवान्यात देण्याचा हक्क तुम्हाला नाही. परवानगीपत्रात 'ऑनलाइन, मुक्त वितरण' हे शब्द आहेत का बघा. नसतील तर फोटोखाली स्पष्ट लिहा की हे चित्र परवान्यातून वगळलं आहे.

छापून आल्यावर

डीओआय '१०.'ने सुरू होतो. तो नुसता पानावर छापलेला पाहून समाधान मानू नका, doi.org/ च्या पुढे जोडून ब्राउझरमध्ये उघडून बघा. आठवड्यानंतरही 'सापडला नाही' येत असेल, तर जर्नलने नोंदणी केलेली नाही. ती दुरुस्ती संपादकांनाच करावी लागते, त्यांना लिंकसकट कळवा.

गुगल स्कॉलरवर निबंध दिसत नसेल तर दोन कारणं आधी तपासा: सगळा अंक एकाच पीडीएफमध्ये आहे का, आणि फाइल ५ एमबीपेक्षा मोठी आहे का. मोडी कागदांचे स्कॅन भरले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. चित्रं छापण्याच्या आकारात ३०० डीपीआयवर आणून पुन्हा पीडीएफ करा.

नवी जर्नल्स बंदही पडतात. परवाना मुभा देत असेल तर छापून आल्याच्या दिवशीच अंतिम पीडीएफ झेनोडोसारख्या मोफत ऑनलाइन भांडारात ठेवा आणि वर्णनात मूळ डीओआय द्या.