कोयत्याच्या मुठीला कमान हवी की नको : ऊसतोडीच्या हंगामापूर्वीचा सल्ला

घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचे दिवस मराठवाड्यात कोयत्याच्या खरेदीचे आणि दुरुस्तीचे असतात. खंडेनवमीला घरातल्या इतर अवजारांबरोबर कोयत्यालाही हळद-कुंकू लागते, त्यानंतर बीड, धाराशिव, जालना, परभणी या भागांतल्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि जे शेतकरी घरचा ऊस घरच्या माणसांच्या हातांनी तोडतात तेही याच सुमारास लोहाराच्या भात्यापुढे येऊन बसतात. पाते कसे असावे, पोलाद कुठले, धार किती हे सगळे तिथे बारकाईने पाहिले जाते. मुठीकडे मात्र शेवटी, पैसे मोजताना लक्ष जाते. आता मुठीला बोटांबाहेरून जाणारी लोखंडी कमान असलेले परदेशी घडणीचे मोठे सुरेही ऑनलाइन मिळतात आणि ते पाहून ‘आपल्या कोयत्यालाही तशी कमान बसवून द्या’ अशी मागणी लोहाराकडे होऊ लागते. ही मागणी करण्याआधी थोडा विचार करावा, कारण जी कमान बांधावरच्या वेड्या बाभळीत हात वाचवते तीच उसाच्या सरीत आडवी येते.

मुठीवरच्या संरक्षणाकडून आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींची अपेक्षा करतो आणि त्यांची गल्लत झाली की निवड चुकते. हात पुढे सरकून पात्यावर जाऊ नये ही पहिली, कोयता हातातून मागून निसटून उडू नये ही दुसरी आणि बोटांचे पेर कशावर तरी आपटू नयेत ही तिसरी. मुठीच्या पुढच्या टोकाला बसवलेली आडवी पट्टी फक्त पहिल्या धोक्याला उत्तर देते. मुठीच्या शेवटाचे फुगीर बोंड दुसऱ्याला उत्तर देते. बोटांच्या बाहेरून जाणारी कमान मुख्यतः तिसऱ्यासाठी असते. ती पुढून मागपर्यंत जोडलेली, म्हणजे बंद असेल, तर पहिल्या दोन्हींनाही थोडाफार आधार देते. म्हणूनच बंद कमान पाहताक्षणी सर्वांत सुरक्षित वाटते.

ऊस तोडताना हाताचे काय होते ते सरीत उभे राहून एकदा पाहावे. तोडणारा डाव्या हाताने ऊस धरतो, कमरेत वाकतो आणि उजव्या हाताने बुडाशी तिरका घाव घालतो. घाव बसतो त्या क्षणी त्याची मूठ जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर असते आणि बोटांचे पेर धारेच्या बाजूला, म्हणजे खाली, बुडख्यांच्या दिशेला असतात. कमानही नेमकी त्याच बाजूला येते. बोटांपुढे ती बाहेर निघत असल्यामुळे घावाच्या शेवटी ती ढेकळावर किंवा शेजारच्या बुडख्यावर टेकते, पाते बेतलेल्या जागेपर्यंत पोहोचत नाही आणि दोन-चार वेळा असे झाले की माणूस नकळत मूठ वर उचलून तोडू लागतो. आमच्याकडे एका हंगामात हौसेने असा कोयता वापरून पाहिला होता. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कमानीत चिखल आणि पाचटाचे तुकडे गच्च भरले, दुसऱ्या दिवशी करंगळीच्या सांध्यावर कमानीच्या आतल्या कडेने फोड आणला आणि तिसऱ्या दिवशी ती कमान करवतीने कापून टाकली. कापलेले टोक कानशीने घासायचे राहिले, त्यानेही एक ओरखडा काढला. तो दोष मात्र आमचाच.

मूठ वर उचलून तोडण्याची किंमत ऊस उत्पादकाला मोजावी लागते, म्हणून हा विषय केवळ तोडणाऱ्याच्या सोयीचा राहत नाही. पक्व उसात बुडाकडच्या कांड्यांमध्ये साखर सर्वांत जास्त असते. आठ फुटांचा ऊस धरला आणि दोन इंच बुडखा वर राहिला, तर लांबीच्या हिशेबाने दोन टक्के ऊस शेतातच राहतो. एकरी ४० टनांच्या उसात हे आठ क्विंटल होतात, आणि बुडाची कांडी जाड असल्यामुळे प्रत्यक्ष वजन याहून कमी भरणार नाही. खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, ठेवायचा असेल तर नुकसान पुढेही चालते. वर राहिलेल्या बुडख्यांवरच्या डोळ्यांतून येणारे फुटवे जमिनीखालून येणाऱ्या फुटव्यांसारखी मुळे धरत नाहीत आणि मग बुडखे छाटण्यासाठी वेगळी मजुरी द्यावी लागते. टोळी आली की शेतकरी ‘जमिनीलगत तोडा’ एवढे सांगून मोकळा होतो; हातातले अवजार तसे तोडू देते का, हेही त्याने बघायला हवे.

वजनाचा हिशेब याला जोडून पाहावा. २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड आणि २०० मिलिमीटर लांब लोखंडी पट्टीचे वजन जवळपास १२० ग्रॅम भरते. ही भर मुठीजवळ असल्यामुळे पात्याच्या टोकाशी वाढलेल्या वजनाइतकी ती मनगटाला जाचत नाही हे खरे, तरी प्रत्येक घावाला ती उचलावीच लागते. नवरा-बायकोचा ‘एक कोयता’, म्हणजे तोडणारी एक जोडी, दिवसाला दोन टन ऊस तोडतो असे धरले आणि एक ऊस सव्वा किलोचा धरला, तर १६०० ऊस होतात. प्रत्येकाला बुडाशी एक आणि वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा भाग, तोडण्यासाठी एक, असे दोनच घाव मोजले तरी ३२०० घाव झाले. १२० ग्रॅमच्या हिशेबाने दिवसाकाठी ३८४ किलो जास्तीचे वजन हातांनी उचलले जाते.

म्हणून निव्वळ ऊसतोडीसाठी आमचा सल्ला असा आहे की बंद कमान घेऊ नये. त्याऐवजी साध्या मुठीचीच घडण नीट करून घ्यावी. झोक्याने घाव घालताना कोयता हातातून पुढे, पात्याच्या दिशेने ओढला जातो, त्यामुळे ऊसतोडीत खरे काम मागच्या बोंडाचे असते. करंगळी त्या बोंडाला आतून अडली पाहिजे, इतके ते फुगीर आणि खालच्या अंगाला किंचित वळलेले असावे. मूठ गोल असू नये, अंडाकृती असावी, कारण गोल मूठ घामाने ओली झाली की हातात फिरते आणि पाते आडवे लागते. लांबी चार बोटांच्या पकडीपेक्षा दोन बोटे जास्त ठेवावी. मुठीसाठी बाभळीचे किंवा शिसमाचे वाळलेले लाकूड चांगले. ओल्या लाकडाची मूठ थंडीत आकसते, शेंबी (मुठीच्या तोंडाचे लोखंडी कडे) सैल होते आणि सैल शेंबीचा कोयता कुठल्याही कमानीने सुरक्षित होत नाही.

हात पुढे सरकण्याची भीती उरते, तिच्यासाठी दोन स्वस्त उपाय आहेत. मुठीच्या पुढच्या टोकाला, शेंबीच्या मागे, तर्जनी अडेल एवढा अर्ध्या बोटाचा उंचवटा लाकडातच ठेवून घ्यावा. लोखंडी आडव्या पट्टीची गरज त्याने बहुतेक भागते. दुसरा उपाय लोहाराला बजावून सांगावा लागतो, कारण गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून तो टोकापासून मुठीपर्यंत सगळ्या पात्याला धार काढून देतो. मुठीलगतचे दोन बोटे पाते बोथटच ठेवायला सांगावे. त्या भागाने ऊस कधी तुटत नाही, पण घाव दगडावर बसून हात पुढे घसरला तर बोट तिथेच कापते. घरी पाजवतानाही त्या दोन बोटांना कानस लावू नये.

मुठीवर सायकलच्या ट्यूबचे वेढे देण्याची पद्धत सर्रास आहे. वेढे घट्ट असतील तर हरकत नाही. पण ट्यूब सैल झाली की लाकूड आत आणि रबर बाहेर असे वेगवेगळे फिरते, म्हणून महिन्याभराने ती बदलावी. सुतळीचा घट्ट वेढा घाम शोषून घेतो, हाताला मात्र खरखरीत लागतो. यातले काय निवडायचे ते ज्याच्या तळव्याचे त्याने ठरवावे.

तुरीची काढणी डिसेंबर-जानेवारीत येते, तेव्हा परिस्थिती थोडी बदलते. वाळलेल्या तुराटीचे खोड कठीण असते, ती जमिनीपासून चार बोटे वर कापली तरी चालते आणि आधी कापलेल्या खोडांची तिरकी, भाल्यासारखी टोके शेजारीच उभी असतात. पेर सोलवटतात ते या टोकांवर. इथे उघडी कमान उपयोगी पडते, म्हणजे पुढे शेंबीशी जोडलेली, बोटांवरून खाली येणारी आणि मागे बोंडापासून दोन बोटे आधीच संपणारी. मागून उघडी असल्यामुळे पाते खोडात रुतले आणि अंगाचा तोल गेला तर हात चटकन सोडवता येतो. तिचे मोकळे टोक आतल्या बाजूला वळवून गोल करून घ्यावे, नाहीतर तुरीच्या फांद्या, साडीचा पदर, शर्टाची बाही असे सगळे त्यात अडकते. बायकांनी वापरायच्या कोयत्याची कमान त्यांच्याच हाताच्या मापाने करावी. पुरुषाच्या मापाच्या कमानीत लहान हात मागे-पुढे खेळतो आणि त्याला आधार मिळत नाही.

बंद कमानीची खरी जागा म्हणजे बांध, ओढ्याचा काठ आणि गोदावरीच्या काठच्या पडीक पट्ट्यांत माजलेली वेडी बाभूळ. पावसाळा संपल्यावर, रब्बीच्या पेरणीच्या आगेमागे ही सफाई होते. घाव कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर बसतात, जमिनीला टेकण्याचा प्रश्न नसतो, मूठ मात्र प्रत्येक घावाला काटेरी फांद्यांच्या जाळीतून जाते आणि तोडलेली फांदी उसळून बोटांवरच येते. या कामासाठी जड पात्याची कत्ती आणि तिला बंद कमान ही जोडी योग्य आहे. कमानीचे माप घेताना जाड हातमोजा घालून मूठ धरावी आणि पेर व पट्टी यांच्यामध्ये एक बोट सहज जाईल एवढी मोकळीक ठेवावी. कमी ठेवली तर पट्टीवर बसलेला मार थेट हाडाला लागतो. फार जास्त ठेवली तर काटे आत शिरतात. पट्टीच्या दोन्ही कडा घासून गोल करून घ्याव्यात. सरळ कमान डावखुऱ्या माणसालाही चालते, एका अंगाला फुगवलेली चालत नाही.

कमान कशी जोडली आहे हे ती कसली आहे याइतकेच महत्त्वाचे आहे. आपल्याकडचे बरेच चांगले कोयते ट्रकच्या जुन्या पाट्यापासून (स्प्रिंगच्या पट्टीपासून) घडवलेले असतात आणि त्यांचा टिकाऊपणा लोहाराने दिलेल्या पाण्यावर, म्हणजे तापवून झटकन थंड करून आणलेल्या कडकपणावर, असतो. पाणी दिलेल्या पात्याला नंतर वेल्डिंगने कमान चिकटवली की त्या जागेचे पाणी उतरते. कधी पाते तिथे मऊ पडून वाकते, कधी जोडाशेजारी ठिसूळ होऊन तडकते. त्यामुळे कमान पात्याला न जोडता पुढे शेंबीला आणि मागे मुठीतून आरपार गेलेल्या रिव्हेटला जोडावी. तयार कोयत्यावर वेल्डिंगच्या दुकानातून कमान लावून घेणे शक्यतो टाळावे. ज्यांना एकाच कोयत्याने ऊसही तोडायचा आहे आणि कमानही हवीच आहे, त्यांनी लोहाराकडून पात्याचे मुठीत जाणारे टोक इंच-दीड इंच वर उचलून घ्यावे, म्हणजे मूठ पात्यापेक्षा वरच्या पातळीवर राहते आणि कमान जमिनीला टेकत नाही. अशा कोयत्याची सवय व्हायला चार-आठ दिवस लागतात.

कमानीऐवजी मुठीच्या भोकातून ओवलेली दोरी हा स्वस्त पर्याय काही जण वापरतात. ती मनगटाला गाठ मारून कधीही बांधू नये. हातातून सुटलेला कोयता तशा दोरीला लटकून उलट फिरतो आणि नडगीवर किंवा मनगटावरच येतो. दोरी अंगठ्यात अडकवून हाताच्या पाठीवरून घ्यावी, म्हणजे मूठ उघडताच ती आपोआप निघते. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर भागात केळीचे घड उतरवताना चिकाने मूठ निसरडी होते, तिथे या दोरीचा आणि ठळक बोंडाचा उपयोग होतो. कमानीत चीक साचून ती धुण्याचे कामच वाढते.

पैसे देण्यापूर्वी लोहाराच्या पालापाशीच कोयत्याची परीक्षा करावी. तळवा ओला करून मूठ धरावी, एखाद्या ओंडक्यावर दहा-बारा घाव घालावेत आणि मग शेंबी व कमानीचे जोड बोटाने हलवून पाहावेत. नंतर गुडघ्यावर बसून पाते जमिनीला लावावे. पाते टेकण्याआधी पेर किंवा कमान टेकत असेल तर तो कोयता उसासाठी घेऊ नये. हंगाम सुरू झाल्यावर दर आठवड्याला रिव्हेट तपासावे. खडखडणारी कमान दुरुस्त होईपर्यंत सरळ काढून ठेवावी, कारण सैल पट्टी घावाच्या झटक्याने बोटांवरच दाबली जाते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा गाडीत पोरंबाळं बसलेली असतात, म्हणून पात्याला पोत्याच्या जाड तुकड्याचे म्यान शिवून घ्यावे. कमानीच्या कोयत्याला हे म्यान पुढून चढवता यावे आणि त्याची बांधायची नाडी कमानीतूनच ओवता यावी. एवढे करूनही हात कापलाच, तर स्वच्छ फडके जखमेवर दाबून धरावे, हात छातीच्या वर उचलून ठेवावा, हळद, चुना किंवा माती न भरता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटी कधी घेतले होते ते डॉक्टरांना सांगावे.