कोरी जागा न भरता : दुःख, सूड आणि बंदुकीवरील पद्य-कादंबरी मुलांसोबत कशी वाचावी

कोल्हापुरातल्या एका पेठेत, तालमीच्या मागच्या खोलीत, गेली काही वर्षे मी नववी ते बारावीच्या मुलामुलींचा वाचनगट चालवते. या मुलांना सर्वांत लवकर ओढून घेणारी आणि गट चालवणाऱ्याची सर्वांत कठीण परीक्षा पाहणारी पुस्तके म्हणजे अमेरिकेतील किशोरांसाठी पद्यात लिहिलेल्या कादंबऱ्या. त्यातही जवळच्या माणसाचा गोळी लागून झालेला मृत्यू आणि त्यानंतरची सुडाची ओढ हा ज्यांचा विषय आहे, त्या. अशी कादंबरी गटात वाचायची असेल तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. या पुस्तकांत दुःख जितके ओळींत असते तितकेच दोन ओळींमध्ये सोडलेल्या कोऱ्या जागेत असते, आणि ती जागा आपल्या बोलण्याने भरण्याचा मोह आपल्याला आवरावा लागतो.

सुरुवातीला जेसन रेनॉल्ड्स यांची 2017 साली प्रसिद्ध झालेली 'लाँग वे डाउन' घ्यावी. पंधरा वर्षांच्या विलचा मोठा भाऊ शॉन आईच्या त्वचेच्या आजारासाठी लागणारा खास साबण आणायला बाहेर पडतो आणि गोळीला बळी पडतो. त्यानंतर विल भावाच्या खणातले पिस्तूल कमरेला खोचून लिफ्टमध्ये शिरतो, आणि जवळजवळ सगळी कादंबरी त्या लिफ्टला खाली उतरायला लागणाऱ्या साधारण एका मिनिटात घडते. मुलांना आधी एवढेच सांगावे. पुस्तक सुमारे तीनशे पानांचे असले तरी कित्येक पानांवर मोजक्याच ओळी असल्यामुळे भराभर वाचणारा मुलगा ते एका बैठकीत संपवतो. म्हणूनच गटात ते चार-पाच संध्याकाळी पुरवून वाचावे. ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते त्यांच्या हाती डॅनिका नोव्हगोरोडॉफ यांच्या चित्रांसह 2020 साली निघालेली आवृत्ती द्यावी.

पहिली संध्याकाळ बंदुकीसाठी राखून ठेवावी. आमच्या गटात 'कट्टा' हा शब्द निघाला की अर्ध्या मुलांच्या डोळ्यांसमोर रंकाळ्याकाठची बसायची जागा येते आणि उरलेल्यांच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रातला 'गावठी कट्टा' येतो. तिथूनच बोलायला सुरुवात करावी. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क 1791 पासून राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे, आणि 2020 साली तेथील 1 ते 19 वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने मोटार अपघातांनाही मागे टाकले. एवढी पार्श्वभूमी दिली की घरातल्या खणात पिस्तूल कसे, हा प्रश्न पुन्हा पुन्हा मध्ये येत नाही. याहून जास्त वेळ मात्र त्यावर घालवू नये, कारण मुले हत्याराच्या तपशिलात रमली की भाऊ मागे पडतो.

वाचन मोठ्यानेच व्हावे. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या शहरातल्या मुलांना पद्यातून सांगितलेली गोष्ट नवी नाही, परंतु पोवाड्याची सवय असलेला आवाज इथे आपोआप चढतो आणि मुक्तछंदातली ही कुजबुज त्याखाली दबते. म्हणून ओळ जिथे तुटते तिथे एक श्वास थांबायचे आणि पान उलटताना दोन श्वास, एवढा एकच नियम द्यावा. मुले सुरुवातीला अवघडतात, कोणी खुदकन हसतेही; तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत ते थांबते. त्यानंतर तेच पान एखाद्याने मराठीत तोंडी सांगावे, आणि तेही पुस्तकी मराठीत नव्हे, तर घरी बोलतो तसे.

या तोंडी भाषांतरात सर्वांत जास्त वेळ विलच्या वस्तीतल्या तीन नियमांवर द्यावा. रडायचे नाही, पोलिसांना नाव सांगायचे नाही आणि आपले माणूस मारणाऱ्याला मारायचे, असे ते नियम आहेत. दुसऱ्या नियमासाठी आमच्याकडे एकाने 'चहाडी करायची नाही' असे म्हटले. एक मुलगी लगेच म्हणाली, "ताई, चहाडी म्हटलं की सांगणाराच वाईट ठरतो." मग 'नाव फोडायचे नाही' हा पर्याय आला, आणि नाव फोडणारा आपल्या पेठेत काय ठरतो यावर पाऊण तास बोलणे झाले, जे एरवी माझ्या कुठल्याही प्रश्नाने झाले नसते. पहिला नियम तर मुलग्यांना भाषांतराशिवाय कळतो. तालमीत, फुटबॉलच्या मैदानावर आणि घरातही तो त्यांनी ऐकलेला असतो. त्यावर मुलींना आधी बोलू द्यावे, मुलगे नंतर बोलतात, हा माझा अनुभव आहे.

आता एक चूक सांगते, ती माझी स्वतःची आहे. एका वर्षी मी पाने आळीपाळीने वाचायला लावली होती आणि साबणाचे पान एका अकरावीतल्या मुलाच्या वाट्याला आले. त्याचा मोठा भाऊ काही महिन्यांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. चौकात त्याचा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स मी रोज पाहत होते, खाली रक्षाविसर्जनाची वेळही वाचली होती, तरी त्या आडनावाचा मुलगा माझ्यासमोर बसतो हे माझ्या ध्यानात आले नाही. तो 'सोप' या शब्दावर थांबला. मी गडबडून पुढची ओळ स्वतः वाचली, आणि ती मी वाचायला नको होती. तेव्हापासून पुस्तक सुरू करण्याच्या आठवडाभर आधी मी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देते. घरात अलीकडे कोणी गेले असेल तर तेवढेच लिहायचे, नाहीतर चिठ्ठी कोरीच परत करायची. पानेही आता वाटून देत नाही, ज्याला वाचावेसे वाटते तो वाचतो. आणि कोणी थांबले तर आपणही थांबावे, पाण्याचा तांब्या पुढे सरकवावा आणि सगळा गट त्याच्यासोबत गप्प बसू द्यावा.

सुडाची चर्चा करताना 'सूड वाईट असतो' हे वाक्य आपण उच्चारू नये. मुलांना ते उत्तर पाठ असते आणि ते एकदा दिले की पुस्तक मिटते. त्याऐवजी प्रश्न वस्तूंचे विचारावेत: साबणाची पिशवी आता कुठे असेल, भावाच्या पलंगावर कोण झोपेल, ज्याच्यावर विलचा संशय आहे त्याच्याविषयी त्याला खरोखर काय माहीत आहे. शेवटच्या प्रश्नावर मुलांनी पुस्तक मागे उलटून पुरावे शोधले पाहिजेत, आणि ते फार थोडे सापडतात हे त्यांना स्वतःला दिसले पाहिजे.

लिहायला द्यायचे असेल तर गेलेल्या माणसाची एक वस्तू आणि जास्तीत जास्त 30 शब्द, एवढेच बंधन घालावे. ओळी हव्या तिथे तोडाव्यात. मरण माणसाचेच असले पाहिजे असे नाही. एका मुलाने मेलेल्या म्हशीच्या गळ्यातल्या घंटेवर लिहिले होते, आणि ते वाचताना मागच्या रांगेतला आवाज आपोआप बंद झाला होता.

कादंबरी एका छोट्याशा प्रश्नावर संपते आणि लिफ्टमधला मुलगा पुढे काय करतो ते सांगत नाही. मुले आपल्याकडे पाहतात. त्या वेळी उत्तर देऊ नये, मतदानही घेऊ नये. फळ्यावर मानसिक आधारासाठीच्या टेलि-मानसचा 14416 आणि मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्डलाइनचा 1098 हे दोन क्रमांक पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावेत, म्हणजे नेमके शेवटी ते कोणा एकासाठी लिहिल्यासारखे वाटत नाहीत. शेवटच्या संध्याकाळी खोलीला लगेच कुलूप लावू नये. चहा ठेवावा, खुर्च्या सावकाश आवराव्यात. ज्याला काही सांगायचे असते तो बहुधा खुर्च्या आवरायला मागे थांबतो.